एका पाकिटापुरतं खरं

बाबा,

नागपुरात आपल्या धरमपेठेत आता एक मोठं दुकान झालं आहे. तिथे दुकानदाराला काही मागावं लागत नाही. टोपली घ्यायची, रांगांमधून हिंडायचं आणि हवं ते आपणच उचलायचं. तुम्ही तिथे अर्धा दिवस सहज काढला असता. एकेक वस्तू दोन-तीन नावाजलेल्या कंपन्यांची असते आणि बहुतेक खालच्या फळीवर तीच वस्तू दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटात असते. ती स्वस्त. महागातलं आणि स्वस्तातलं आतून एकच असतं का, हे मी बरेच महिने घरी आणून पाहते आहे. दुकानाची तूरडाळ अगदी तशीच शिजते, वरणात मला तरी फरक लागला नाही. पोहे भिजवले की मोडतात. बेसन चांगलं, झुणक्याला तर कंपनीच्या बेसनापेक्षा बरं. तिखट नुसतं रंगाला. शेजारणी म्हणतात, सगळं मिळून काय ते सांगा ना, घ्यायचं की नाही? मला सगळं मिळून सांगता येत नाही. ही खोड तुमची. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

मी कॉलेजात जाऊ लागले त्याच सुमाराला आपल्या गल्लीच्या तोंडाशी सहकारी ग्राहक भांडार निघालं होतं. त्यांचाही स्वतःचा माल असायचा. पांढऱ्या कागदाची पाकिटं, त्यावर निळ्या शाईचा तिरपा शिक्का. आई हळूहळू एकेक वस्तू तिथून आणू लागली. हळद पसंत पडली, धुण्याच्या पावडरीने हात सोलले म्हणून ती बंद झाली. चहा मात्र तिने कधी आणला नाही, कारण तुम्ही चहाच्या कंपनीत विक्रेते होता. उमरेडच्या आपल्या मूळ घरात सगळे हातमागावर बसलेले. माग सोडून नोकरीला लागलेले तुम्ही पहिले. काटोलची, सावनेरची लाइन तुमच्याकडे होती. नमुन्याचे डबे घातलेली ती जाड पिशवी घेऊन तुम्ही एसटीने गावोगाव जायचा आणि बसच्या धक्क्यांनी तुमची कंबर धरायची. घरात चहा तुमच्या कंपनीचाच. दुसरा असू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं.

आणि एका रविवारी तुम्ही स्वतःच भांडारातून चहाचं पाकीट घेऊन येता. तुम्ही एरवी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसा. त्या दिवशी तुम्ही चुलीवर ठेवायला दोन गंजं मागून घेता, दोन्हींत सारखं पाणी, सारखं दूध, साखरही चमचा सपाट करून. आई पोळ्या लाटते आहे. ती विचारते, "काय करून राहिले तुम्ही?" तुम्ही म्हणता, "पाहून राहिलो." दोन्ही चहा सारख्याच दिसणाऱ्या पेल्यांत ओतून तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहता आणि मला पेल्यांची अदलाबदल करायला सांगता. आईने दोन्हीतला एकेक घोट घेतला आणि दोन्ही चहाच आहेत म्हणाली. तुम्ही आधी वास घेतला, मग घोट तोंडात जरा धरून ठेवला, आणि एक पेला पुढे सरकवला. "हा आपला." बरोबर होतं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात तुम्ही दुसरा पेला पुन्हा उचललात, अर्धा संपवलात आणि म्हणालात, "पण हा चांगला आहे वं." आईचं लाटणं थांबलं. तिने तुम्हाला हळू बोला म्हटलं, जणू कंपनीचा साहेब पलीकडच्या खोलीत बसला होता.

तुम्हाला वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं. पण तुम्ही त्याच संध्याकाळी भांडाराच्या व्यवस्थापकाकडे जाऊन बसलात. त्याने सांगितलं की त्यांचा माणूस लिलावातून जो माल पडेल भावाने मिळेल तो उचलतो. जाहिरात नाही, रंगीत डबा नाही, म्हणून स्वस्त. यात लपवण्यासारखं काही नाही. घरी येऊन तुम्ही हे सगळं आम्हाला असं सांगितलंत, जसं कोणी जत्रेहून आल्यावर सांगतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी काटोलला मामाकडे जायला निघाले आणि तुमच्याबरोबरच बसने गेले. स्टँडबाहेर एका बाईंचं चहाचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्या ते चालवत आणि त्यांच्याकडे पहिल्यापासून तुमच्याच कंपनीचा चहा जायचा. संत्र्याचे व्यापारी, शेतकरी, ड्रायव्हर, सगळ्यांचा तिथे राबता. त्या दिवशीही बाकावर माणसं पेले घेऊन बसलेली होती. बाईंचा भाऊ नागपूरला राहायचा, त्याच्याकडून त्यांनी भांडाराच्या चहाबद्दल ऐकलं होतं. त्यांनी तुम्हाला सरळच विचारलं, "भाऊ, मले खरं सांगा. तो भांडाराचा चाय कसा आहे?"

मी तुमच्याकडे पाहते. तुम्ही पिशवी खाली ठेवता. तुमच्या चेहऱ्यावर संकट वगैरे काही नाही. उलट, आपल्याच मनातलं कोणीतरी विचारावं तसा तो उजळतो. "कडक आहे," तुम्ही म्हणता. "मी घरी करून पाहिला. तुमच्या गिऱ्हाइकाले आमच्यापेक्षा तो आवडंल. एकदा आणून पाहा." बाकावरची माणसं ऐकत होती. मामाच्या घराकडे चालताना मी तुम्हाला विचारलं, बाबा, काहून सांगितलं? तुम्ही गोंधळून माझ्याकडे पाहिलंत. "तिनं विचारलं ना."

स्टँडवर बोललेली गोष्ट सगळ्या लाइनवर पोचते. मी मामाकडून परत येईपर्यंत ती सीताबर्डीच्या ऑफिसातही पोचली होती. त्या वर्षी तुम्हाला सुपरवायझर करायचं चाललं होतं. म्हणजे बसची दगदग संपली असती, ऑफिसात खुर्ची मिळाली असती. आईने तर तुमच्या कंबरेसाठी धरलेल्या साऱ्या उपवासांची सांगता मनात ठरवून टाकली होती. साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. आपल्याच मालाची निंदा केली म्हणाले. तुम्ही म्हणालात, निंदा नाही केली, बाईंनी विचारलं ते सांगितलं. मग त्यांनी मार्ग काढून दिला: काटोलला जा, ती थट्टा होती असं त्या बाईला सांगा, विषय संपला. तुम्ही जेवताना हे आम्हाला सांगितलंत.  आई ताटात भाजी वाढत एवढंच म्हणाली, "सांगून या ना मग. एक वाक्य तर आहे."

तुम्ही गेलात. त्या बसमध्ये तुम्ही काय ठरवत होता, ते मला कधीच कळलं नाही. पुढचं तेवढं तुम्ही सांगितलंत. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच बाईंनी तुमच्या हातात पेला दिला. तो भांडाराचाच चहा होता, मधल्या काळात बाईंनी तोच सुरू केला होता; पण ही चव पहिल्या पाकिटाची नव्हे. पातळ, आणि वर गोणपाटाचा वास. बाई म्हणाल्या, "या वेळचं पाकीट उतरलं नाही, भाऊ. लोक अर्धा पेला सोडून चालले." तुम्ही पाकीट मागितलंत, पत्ती तळहातावर घेऊन हुंगलीत आणि म्हणालात की हो, हा चांगला नाही. त्यांनी लगेच तुमच्या कंपनीचा माल पुन्हा सुरू केला. थट्टेचं वाक्य बोलायची वेळच आली नाही.

साहेब खूश झाले. तुम्ही गप्प बसला असता तरी कोणी काही विचारलं नसतं. पण त्यांनी शाबासकी दिली तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी काहीच समजावलं नाही साहेब, त्यांचं पाकीटच खराब निघालं. पहिलं चांगलं होतं, ते मी अजूनही म्हणतो." खुर्ची दुसऱ्याला मिळाली. तुम्ही निवृत्त होईपर्यंत कंबरेला पट्टा बांधून बसनेच फिरलात.

आई किती तरी दिवस तुमच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. शेवटी एकदा तिने समोर बसून विचारलं, काय मिळालं खरं बोलून? तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "मीही तेच पाहून राहिलो. मी खरं बोललो, पण ते एका पाकिटापुरतंच निघालं." आणि मग, जणू आत्ताच काहीतरी सापडलं, तसे म्हणालात, "आपली कंपनी चांगला चाय नाही विकत. काल होता तसाच चाय आजही विकते. पैसे त्याचे आहेत." आईने कपाळाला हात लावला. पण मला वाटतं, ती हसू दाबत होती.

त्यानंतर दर महिन्याला तुम्ही भांडाराचं एक पाकीट आणायचा. बाकी सगळा किराणा तिथून आणणारी आई तो चहा मात्र आपल्या डब्यात भरू देईना. तुमच्या नोकरीचा चहा तो आपला चहा, चांगला असो की नसो, हे तिने ठरवून टाकलं होतं. तुम्ही रविवारी करून प्यायचा आणि सांगायचा, या वेळी जमलं, या वेळी नाही. शेवटपर्यंत तुम्ही एक काही निकाल दिला नाहीत.

माझे बाबा सत्यासाठी खुर्चीवर पाणी सोडणारे, असं मी लग्नानंतर पुष्कळ लोकांना सांगितलं. आता वाटतं, ते तितकं सोपं नसावं. साहेबांशी बोलतानाचे तुम्ही आणि बाईंशी बोलतानाचे तुम्ही एकच होता का? बाईंना तुम्ही सांगितलंत ते कुतूहलापोटी. तेव्हा काय गमवावं लागेल, हे तुमच्या ध्यानातही नव्हतं. साहेबांना सांगितलंत तेव्हा सगळं ठाऊक होतं. आणि मधली ती बस. काटोलला दुसरं पाकीटही चांगलं निघालं असतं, बाई खुशीत असत्या, तर तुम्ही ते एक वाक्य बोलला असता का? आईचं जेवतानाचं बोलणं ऐकून गेला होता तुम्ही, कंबर दुखत होती. बोलला असता तरी मी तुम्हाला कमी लेखलं नसतं. मला फक्त जाणून घ्यायचं आहे. तुम्ही होता तोवर हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि आता हा कागद पाठवायला ठिकाण नाही.

त्या मोठ्या दुकानाचा स्वतःचा चहाही मिळतो, बाबा. दिवाळीच्या आधी मी तो आणला. डाळ, पोहे, बेसन, सगळं मी आल्या दिवशी फोडून पाहिलं. हे पाकीट अजून तसंच आहे. घरात आम्ही तुमच्याच कंपनीचा चहा पितो. दोन्ही करून समोर ठेवले आणि त्यातला आपला कोणता हे मला ओळखता आलं नाही, तर ते मला कळायला नको आहे.