वळण माझंच आहे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. पुढे कुणी शंका घेतली तर तारीखवार दाखवता यावं.

तळ्याकाठच्या बागेला पन्नास वर्षं होतायत. एक मार्चला फाटकापाशी काळ्या दगडाची पाटी बसणार, बाग ज्यांनी घडवली त्यांच्या नावांची. काल बाग कमिटीच्या सेक्रेटरीने मजकूर दाखवला. नाव एकच. आमच्या साहेबांचं. मी म्हटलं, ठीक, साहेब आर्किटेक्ट होते, पण वाट? तळ्याकडे जाताना मध्येच डावीकडे वळते आणि एकदम समोर पाणी येतं, जी बघायला कॉलेजची पोरं बस करून येतात, ती वाट कुणाची? सेक्रेटरी म्हणाला, कुणाची? म्हटलं, माझी. तो म्हणाला, कागद आणा, नाव घालतो.

कागद म्हणे. बावीस वर्षांचा होतो, साहेबांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागून चार महिने झाले होते, आणि बागेची शीट नंबर चौदा मी या हाताने काढली. साहेब गेल्यावर त्यांचे सगळे नकाशे युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हला गेले. इमारतींचे, बागांचे जुने कागद तिथे जपून ठेवतात. जायचं, शीट काढायची, कॉपी घ्यायची, परत. दोन तासांचं काम. हिला सांगितलं, जेवायला घरी आहे. ही म्हणाली, कशाला त्या भानगडीत पडता? हिला ड्रॉइंगमधलं काही कळत नाही.

संध्याकाळी ६
आत सोडलं नाही. अपॉइंटमेंट लागते. मी म्हटलं, माझंच ड्रॉइंग बघायला मला अपॉइंटमेंट? वॉचमन म्हणाला, हो. बुधवारची मिळाली. घेतली, पण निषेध नोंदवून.

५ फेब्रुवारी, बुधवार
तिथल्या मुख्य बाईंचं नाव मी पेन्सिलबाई ठेवलंय. पहिल्या मिनिटाला त्यांनी माझं पेन काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल. मग पिशवी लॉकरमध्ये. पाण्याची बाटली लॉकरमध्ये. मी मुद्दाम पांढरे हातमोजे विकत घेऊन गेलो होतो, ते घातले, तर म्हणाल्या, मोजे नकोत, कागद जाणवत नाही आणि फाटतो, हात धुऊन या. बहात्तराव्या वर्षी हात धुवायला लावले. वर वाळलेत का ते पाहिलं.

साहेबांचे कागद म्हणजे एकशे बारा खोकी, गुंडाळलेल्या नकाशांच्या चौसष्ट नळ्या आणि सपाट ड्रॉवर वेगळे. यादी चाळीस पानी. एका वेळी एकच खोकं मिळतं. पेन्सिलबाई म्हणाल्या, यादी वाचून मागा. मी म्हटलं, त्या ऑफिसात छत्तीस वर्षं काढलीत, मला यादी लागत नाही. अंदाजाने एकोणीस नंबर मागवलं. त्यात एका श्रीमंत बाईंचा संडासाच्या फरशीवरून साहेबांशी झालेला पत्रव्यवहार होता. सव्वीस पत्रं. सगळी वाचली. शेवटी कोणती फरशी बसली ते कळलंच नाही.

संकल्प: उद्या यादी वाचायची. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मला वाटलं म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. साहेबांच्या बागांवर पीएचडी करतेय. मी सहज सांगितलं की वळणाची वाट आपली. तिचे डोळे एवढे झाले. फोनवर रेकॉर्ड करू का, म्हणाली. करा म्हटलं. मी पेन्सिल हातात घेऊन खिडकीपाशी उभा, बाहेर संध्याकाळ, साहेब मागून येतात, रेष बघतात, काही बोलत नाहीत, फक्त खांद्यावर हात ठेवतात. हे सगळं सांगितलं. साहेबांचा हात दोनदा सांगितला. एक तास पन्नास मिनिटं बोललो. मग पेन्सिलबाईंनी दोघांना व्हरांड्यात काढलं.

यादी वाचायला वेळ उरला नाही. पण इतिहासाचं काम झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.४०
सापडली! ड्रॉवर नऊ. शीट चौदा. पेन्सिलबाईंनी दोन हातांवर उचलून आणली, तान्हं मूल आणावं तशी. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. माझं लेटरिंग. काय लेटरिंग होतं! एक अक्षर दुसऱ्यापेक्षा केसभर उंच नाही. पीएचडीला हाक मारली. ती उठून आली.

१२.५५
वाट सरळ आहे.

रात्री ८
शांतपणे विचार केला. ही प्राथमिक शीट असणार. आधी सरळ काढायची आणि मग वळवायची, अशीच पद्धत असते. वळण सुधारित शीटवर असणार. चौदा-ए. पीएचडीला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. पण आधी म्हणायची तसं म्हणाली नाही.

हिने विचारलं, मिळाली का शीट? मिळाली म्हटलं. खोटं नाही बोललो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चौदा-ए यादीत नाही. बी पण नाही. पेन्सिलबाई म्हणाल्या, साहेबांच्या ऑफिसच्या रजिस्टरमध्येही या शीटला रिव्हिजन नाही. मी म्हटलं, रजिस्टर कोण ठेवायचं? माणूसच ना? त्यांनी रजिस्टर दाखवलं. अक्षर माझं आहे.

कामाचा बोजा फार असायचा तेव्हा. नोंद राहून गेली असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पीएचडीला एक पत्र सापडलं. साइटवरच्या सुपरवायझरचं, साहेबांना. तिने हळू आवाजात वाचून दाखवलं. आवाज हळू, पण आनंद मावत नव्हता. सुपरवायझर लिहितो की ड्रॉइंगप्रमाणे वाट नेली तर मध्ये मोठा खडक येतो. तो शीटवर दाखवलेलाच नाही. सुरुंग लावायची परवानगी नाही. दगड रचणाऱ्या बायांची मुकादमीण म्हणते, वळसा घाला, तसंही डोक्यावर ओझं घेऊन सरळ कोण चालतं? तर बायांनी वळसा घालून तीस फूट रचूनही टाकलंय, उखडू का?

खाली साहेबांचा शेरा. लाल पेन्सिल. वळण राहू द्या, आपल्या रेषेपेक्षा चांगलं आहे. ड्राफ्ट्समनला साइटवर पाठवा आणि खडक दाखवा.

पीएचडी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बघा, माझा उल्लेख आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गेलो नाही. गुडघा.

घरी बसून मुळापासून विचार केला. सुपरवायझर हा माणूस बढाईखोर. मुकादमीण वगैरे गोष्टी रंगवून लिहायचा. आणि साहेबांना लाल पेन्सिलीची सवय, शेरा कुठल्याही शीटबद्दल असेल. मला वळण काढताना हाताला काय वाटलं ते आजही आठवतं. मनगट असं वळतं. हाताला आठवतं ते खोटं कसं असेल?

दुसरी गोष्ट. लोक समजतात काळी शाई पुसट होत नाही. मी छत्तीस वर्षं शाई वापरली. कधीकधी होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज एक छोटं काम केलं.

शीट चौदा परत मागवली. पेन्सिलबाई पुढचं खोकं आणायला आत गेल्या. पीएचडी आली नव्हती. मी भिंग घेऊन वाटेच्या मध्यावर पाहिलं, तर तिथे रेष होती. अगदी फिकी. होती. जवळजवळ दिसत होती. ती मी थोडी उजळली. नवीन काही काढलं नाही. फक्त उजळली. तीन इंच असेल. पेन्सिल वापरली, नियमाप्रमाणेच.

पेन्सिलबाई परत आल्या तेव्हा हात मांडीवर होते. छातीत धडधडत होतं, पण ते जिन्यामुळे.

सेक्रेटरीला फोन केला, कागद मिळाला, दोन दिवसांत आणतो. म्हणाला, लवकर आणा, दगडवाला थांबलाय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कॉपी मागितली. पेन्सिलबाईंनी शीट दिव्याखाली धरली, तिरकी केली, परत सरळ केली. मग मला त्यांच्या केबिनमध्ये बसवलं आणि कॉम्प्युटरवर एक चित्र उघडलं. शीट चौदा. मागच्या वर्षी सगळ्या शीटांचे स्कॅन झालेत. वाट सरळ.

मी म्हटलं, मशीनला फिकी रेष दिसत नाही. त्यांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. कागदाचे धागे दिसायला लागले. रेष नव्हती.

मी बरंच बोललो. हे ड्रॉइंग माझं आहे, म्हटलं. माझ्या ड्रॉइंगमध्ये मी दुरुस्ती केली तर तुमच्या पोटात का दुखतं? तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हा मी या कागदावर ओणवा होतो. आवाज चढला होता. बाहेर सगळे वाचायचे थांबले असणार. पेन्सिलबाई म्हणाल्या, काका, हे तुमचं आहे म्हणूनच आम्ही इतकं सांभाळत होतो.

माझं वाचक-कार्ड काढून घेतलं. लॉकरची किल्ली परत केली. सही केली. त्यांच्या पेनाने.

त्या मला काका म्हणाल्या, ते आवडलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सेक्रेटरीचा फोन दोनदा. उचलला नाही. वकिलाला भेटायचं ठरवलं. आपल्याच कामाला हात लावायचा हक्क, असा मुद्दा. हिला मुद्दा समजावून सांगितला. त्या नादात रेषेचंही सांगून झालं.

ही भाजी निवडत होती. थांबली. म्हणाली, अहो, लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला त्या बागेत फिरायला घेऊन गेला होतात. आठवतं? त्या वळणापाशी उभं राहून तुम्हीच मला सांगितलंत की मी वाट सरळ काढली होती, खडक मला दिसलाच नाही, बायांनी वळवली, आणि साहेबांनी मला उन्हात नेऊन त्या खडकावर बसवलं नि विचारलं, आता दिसला का? किती हसत होतात सांगताना. डोळ्यांत पाणी आलं होतं हसून हसून.

मी म्हटलं, मी असं सांगणं शक्य नाही.

ही म्हणाली, मी घरी जाऊन आईला सांगितलं, मुलगा स्वतःला हसतो, हो कळवून टाका.

मी विचारलं, मग इतकी वर्षं मी सगळ्यांना वेगळं सांगतोय, तू बोलली का नाहीस? ही म्हणाली, आधी वाटलं गंमत करताय. मग वाटलं, ऑफिसात कॉम्प्युटर आले, तुम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं, तेव्हा काहीतरी हवं होतं तुम्हाला. मग राहूनच गेलं.

पुन्हा भाजी निवडायला लागली.

वकिलाकडे गेलो नाही. गुडघा.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सेक्रेटरीला मीच फोन केला. म्हटलं, कागद मिळाला नाही. तो म्हणाला, बरं झालं, जागाही नव्हती. पीएचडीने कमिटीला पत्र दाखवलंय. मुकादमिणीचं नाव हजेरीपटात सापडलं. पाटीवर साहेबांच्या खाली तिचं नाव येणार.

मी म्हटलं, नाव नीट तपासून घ्या, हजेरीपटात स्पेलिंगच्या चुका असतात. एवढा सल्ला देणं माझं कर्तव्य.

संकल्प: कार्यक्रमाला जायचं नाही.

१ मार्च, शनिवार
गेलो. हिला जायचं होतं.

मुकादमिणीची मुलगी आली होती. तीही साठीची. भाषणं चालू असताना ती पाटीशी गेली आणि आईच्या नावावरून बोट फिरवत राहिली, एकेक अक्षर. लेटरिंग ठीकठाक होतं. दोन अक्षरांमधलं अंतर चुकलंय, पण बोललो नाही.

पीएचडी भेटली. मीच म्हटलं, ते रेकॉर्डिंग पुसून टाका. ती म्हणाली, पुसत नाही, पण वापरणार नाही. मग म्हणाली, तुम्ही खडकावर बसलात ते खरं का? मी हिच्याकडे पाहिलं. ही तळ्याकडे बघत होती. म्हटलं, ऊन फार होतं त्या दिवशी. ते मात्र रेकॉर्ड करा. तिने व्हरांडा नाही, टेबल नाही, तिथेच गवतावर फोन काढला. सहा मिनिटांत संपलं.

४ मार्च, मंगळवार
अर्काइव्हचं ईमेल. यादीत शीट चौदापुढे नवी नोंद घातली आहे, माहितीसाठी पाठवत आहोत. जशीच्या तशी उतरवतो:

'ट्रेसिंग पेपर, काळी शाई. वाटेच्या मध्यावर डावीकडे वळणारी पेन्सिलची रेष मूळची नाही, ती एका वाचकाने १७ फेब्रुवारी रोजी काढली. रेष थरथरती, नवशिक्या हाताची. कागद नाजूक असल्याने खोडलेली नाही.'

नवशिक्या! छत्तीस वर्षं! दिवसभर धुमसत होतो. चार उत्तरं लिहिली, चारही कडक. हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, पाचवं लिहा.

रात्री ९.१५
पाचवं पाठवलं.

'महोदया, शीट चौदाच्या नोंदीबाबत माझी हरकत आहे. रेष नवशिक्या हाताची नाही, म्हाताऱ्या हाताची आहे. कृपया दुरुस्ती करावी. बाकी नोंद बरोबर आहे.'