अस्सल मलेशियन, चित्राहुतीसह

३ जानेवारी २०१९
संकल्प: याच महिन्यात लग्न ठरवायचं. वय एकोणचाळीस, पण रेल्वेच्या अकाउंट्समध्ये पर्मनंट. इथे काशीतल्याच रामघाटची बकुळ क्वालालंपूरला चार वर्षं शिकवून परत आलीय. रत्नाकरमामा म्हणाले, दोघं बाहेर कुठे भेटा. आई म्हणते, धुंडी, हे स्थळ घालवलंस तर आता मी कुणापुढे पदर पसरणार नाही. आईला काळजीची सवयच आहे.

५ जानेवारी
अस्सी घाटाजवळ मलेशियन रेस्टॉरंट उघडलंय. टेबल बुक. बिचारी तिकडच्या जेवणासाठी तडफडत असणार. विचारायचं काय त्यात? अशा गोष्टी ओळखायच्या असतात. यूट्यूबवर अभ्यास सुरू. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात आणि चटणी. म्हणजे आपला नारळीभातच!

८ जानेवारी, सकाळी
आरशासमोर ऑर्डर द्यायची प्रॅक्टिस. आईने विचारलं, कुठला मंत्र म्हणतोयस?

१० जानेवारी, दुपारी ४
मेन्यू तिच्या हाती जाऊच दिला नाही. वेटर म्हणाला, भइया, वेज वाला अलग बन जाएगा, उसमें वो पेस्ट नहीं पड़ता. म्हटलं, कोई काट-छाँट नहीं, एकदम ऑथेंटिक. बकुळ काही सांगू लागली. मी हसून हात वर केला.

संस्कारही दिसावेत म्हणून डोळे मिटून ताटाभोवती पाणी फिरवलं, टेबलावर चित्राहुती घातल्या. चटणीत कालवलेल्या भाताच्या. डोळे उघडले तेव्हा बकुळ हळूच म्हणाली, त्या चटणीत सुकवलेले झिंगे असतात.

यमधर्माला झिंगे. चित्रगुप्ताला झिंगे. मी म्हणालो, मला माहीत होतं. का म्हणालो, देव जाणे.

११ जानेवारी
पहाटे पंचगंगा घाटावर गंगेत तीन बुड्या. दात अजून वाजताहेत. आईला कळू दिलं नाही. एकंदर भेट छान झाली. जाताना ती हसली होती. बहुतेक होकार.

१५ जानेवारी
फोन नाही. संक्रांतीच्या गडबडीत असतील. मामाही फोन उचलत नाहीत. नवस बोललो. दुसरा देव गाठून तोच नवस पुन्हा बोललो.

१९ जानेवारी
मामा आले. नकार. कारण झिंगे नव्हेत. बकुळ म्हणाली म्हणे, माणूस भला आहे, पण मला काय खायचंय ते एकदाही विचारलं नाही. मला साधा वरणभात हवा होता.

मामांचे पाय धरले. म्हटलं, एकदाच पुन्हा भेटवा, काशीत ऑथेंटिक वरणभात कुठे मिळतो ते मी शोधून काढतो. मामांनी पाय सोडवून घेतले, टोपी घातली आणि गेले.

२ फेब्रुवारी
बकुळचा साखरपुडा झाला. आईने बातमी ऐकली. मग नेहमीसारखं विचारलं, धुंडी, जेवायला काय करू? रडूच आलं मला. म्हटलं, आई, तुला काय हवंय?

आई घाबरली. हात पुसत आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.