आईचा चोरीचा हट्ट

होबार्ट, व्हॅन डीमेनचं बेट, ३ मार्च १८३१

ती. केझायाताईस,
सायलसचा सा. न. वि. वि.

लिहीन लिहीन म्हणत वर्ष घालवलं. आधी शाई नव्हती. मिळाली ती इथल्या एका उड्या मारणाऱ्या जनावरामागे पळताना सांडली. ते धड ससाही नाही, हरीणही नाही, आणि पोटाला पिशवी... असो, काय सांगत होतो? दोन कोंबड्यांच्या चोरीपायी सात वर्षं काळं पाणी, तेही पृथ्वीच्या बुडाशी. माझी भटकायची हौस सरकारनं फुकटात भागवली म्हण. मेंढ्या राखतो. आईला सांग, आठवड्यातून तीनदा मटण मिळतं. पाठीवरच्या वळांचं सांगू नकोस. रागवायचं असेल तर चांगलं दोन पानं भरून रागाव.

तुझा सायलस

नॉरफोक, १८ सप्टेंबर १८३१

चि. सायलसला अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आईला वळांचं वगळून वाचून दाखवलं, तीच चूक झाली. शेतावरचं काम सुटल्यापासून आम्हा दोघींना गरीबखान्यात घालायचं गावात चाललंय. आई म्हणते, तिथली पेज गिळण्यापेक्षा चोरी करते, सरकार मला आपोआप सायलसकडे पोचवेल. हसू नकोस. परवा तिनं दुकानातून चीजचा गोळा सगळ्यांदेखत उचलला. दुकानदारानं तो परत ठेवला आणि वर म्हणाला, हेस्टरकाकू, आताशा तुम्हाला नीट दिसत नाही वाटतं. आता तिचा डोळा पाद्रीबाईंच्या चांदीच्या चमच्यांवर आहे. तिथे कुणी असं हसून सोडणार नाही. वळांचं सांगितलं, तर मलाच खोटारडी म्हणाली. तुझ्या शब्दाशिवाय ती ऐकायची नाही. लवकर लिही, आणि जिवाला जप.

तुझी ताई

व्हॅन डीमेनचं बेट, ९ ऑगस्ट १८३२

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझा मालक बदलला, म्हणून तुझं पत्र बेटभर माझ्यामागे फिरलं. काल हाती आलं. आईला आधी आवर. दाराला कडी घाल, तिच्या उशाशी बस, काहीही कर. जहाज कुणाला विचारून जात नाही. समुद्रापलीकडे सिडनीला नेलं तर ती मला असून नसल्यासारखी. इथे आणली तरी बायकांना कैद्यांच्या कारखान्यात लोकर पिंजायला बसवतात, मग परक्याच्या घरी धुणीभांडी. मुलाकडे कुणी पोचवत नाही. मटण मिळतं ते खरं, पण चावायला दात हवेत, आणि माझे दोन मुकादमानं पाडलेत, हेही सांग तिला. हे पोचेस्तोवर पाच महिने जातील, लिहिताना कळतंय. तरी लिहितो. दुसरं काय करू?

बंदरावरून गाडीवाला आत्ताच आला. बायकांचं जहाज लागलंय म्हणतो. त्यातली एक लाल केसांची बाई येणाऱ्याजाणाऱ्याला माझं नाव विचारत होती. मी म्हटलं, केस पांढरे असतील, नीट आठव. तो म्हणाला, लालच, तिशीची असेल. तिनं निरोप दिलाय: चमचा आईच्या टोपलीत सापडला, चोरीचा आळ मी माझ्या अंगावर घेतला, आईला गरीबखान्यात नेलं.

ताई, तू बंदरावर आहेस. परवान्याशिवाय मला तिथे येता येत नाही, आणि आईला माझं पत्र वाचून दाखवायला तिकडे कुणी उरलं नाही.