गेटवर राहिलेल्या दोघी

धाराशिव
बुधवार

प्रिय मथुरा,

अक्षर ओळखशील आणि पत्र सरळ चुलीत घालशील, असं वाटतंय. घाल बाई, पण आधी वाचून घाल. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकून माझी बोबडी वळली असती. तेरच्या शाळेत मी खोटं बोलले की माझे कान लाल व्हायचे आणि तू लांबूनच ओळखायचीस. हल्ली होत नाहीत. आमदाराची बायको झाल्यावर सवय होते बघ.

निवडणुकीत आमचे हे तुमच्या शर्टांच्या कंपनीच्या गेटवर येऊन तुमच्याच डब्यातली भाकरी खाऊन गेले, आठवतंय ना? बारा तासांची पाळी बंद करून आठ तासांची करून देतो म्हणाले. इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून सुजलेले पाय तू दाखवलेस तर यांनी डोळे पुसले. मला लई अभिमान वाटला गं तेव्हा. पण आमच्या प्रचाराच्या गाड्यांतलं डिझेल कंपनीचं होतं, बॅनर कंपनीचे होते, आता नव्या कार्यालयाच्या फरशासुद्धा तिथूनच आल्यात. कामगार अधिकारी तपासणीला निघाला की इथून एक फोन जातो. मी चहा घेऊन जाते तेव्हा ऐकते, आणि रिकामे कप उचलून परत येते.

पाळी बारा तासांचीच राहिली म्हणून तुम्ही बायकांनी संप केलात आणि गेटवर ठिय्या मारून मालाचे ट्रक अडवलेत, तेव्हा कंपनीचं नाक दाबलं गेलं. पोलिसांकरवी बायका उचलल्या तर बोंब होईल, म्हणून यांच्या डोक्यातून हळदीकुंकू निघालं. संक्रांत नुकतीच झाली होती. गेटसमोरचं मंगल कार्यालय घेतलं. कुंकवाला कुठलीच बाई नाही म्हणत नाही, हे यांना पक्कं ठाऊक. वाण म्हणून स्टीलचे डबे आले, त्यांवर कंपनीचं नाव चिकटवलेलं. आदल्या दिवशी खोबरेल तेल लावून ते मीच खरवडून काढलं. त्यामुळं मला काही माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

सगळ्या आल्या. घटकाभर जाऊन येऊ म्हणत, पदर सारखे करत, हसत आल्या. गेटवर राहिल्या त्या फक्त बोलावणं नसलेल्या. तू आणि हुमेरा. उत्तरेश्वरभाऊजी गेले, तुझं कुंकू पुसलं, तेव्हा तुझ्या गळ्यात पडून मी म्हणाले होते, माझ्या घरच्या कुंकवाला पहिली तू. आणि बोलावणी निघाली तेव्हा तुझं नावसुद्धा काढलं नाही. सासूबाई काय म्हणतील, हे काय म्हणतील, एवढंच डोक्यात. थू माझ्या जिनगानीवर!

मी कुंकू लावत होते आणि खिडकीतून ट्रक निघालेले दिसले. तुम्ही दोघी पळत जाऊन पुढं बसलात. पोलिसांनी ओढून बाजूला केलं, हुमेराची ओढणी चाकाखाली गेली. दगड कुणीच मारला नाही. मी सगळं पाहिलं, मथुरा. तरी समोरचीला कुंकू लावून पुढचीला बोलावलं. कालवा ऐकून बायका बाहेर धावल्या, तोवर ट्रक तुळजापूरच्या रस्त्याला लागले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात डबे घेतलेल्या बायकांचा फोटो, खाली कामगार समाधानी असल्याची बातमी. मग संप मोडला. त्या सगळ्या पुन्हा बारा तास उभ्या, आणि तुम्हा दोघींवर दगडफेकीची केस.

आता पत्र कशाला, ते सांगते. काल यांनी माझ्या हातात एक कागद दिला. हुमेरानं दगड मारला, मी पाहिलं, एवढंच त्यात तुझ्या नावानं लिहिलंय. सही केलीस की तुझ्यावरची केस मागं, कामावर परत, आणि तुझ्या निकिताला यांच्या कॉलेजात फुकट जागा. तू तिची जुनी मैत्रीण आहेस, तुझं ऐकेल, असं मला म्हणाले. मी कागद घेतला. तू सही करणार नाहीस हे मला माहीत आहे. आणि लेकीसाठी केलीसच, तर तुला बोलायला मी कोण? म्हणून माझं आधी सांगते. तो कागद मी पिशवीत ठेवलाय, तुमच्या वकिलाला लागेल. त्यांना म्हणावं, साक्षीदारांत माझं नाव घाला. खिडकीतून मी जे पाहिलं, ते मी कोर्टात सांगणार आहे. यांना अजून बोलले नाही. बोलल्यावर या घरात राहीन का, तेही ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी तुझ्याकडं येते. उंबऱ्यातूनच परत पाठवलंस तर तिथून वकिलाकडं जाईन. कुंकवाचा करंडा आणणार नाही. आधी कोर्टात खरं बोलते. मग तुझ्या कपाळाला हात लावू देशील का, ते विचारेन.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
प्रतीक्षा