अकरा वाजून वीस मिनिटांनी मोडलेला तास

विद्यानगर, हैदराबाद

प्रिय रेणू,

मंगळवार, १५ जुलै २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्या क्षणी तू दार न वाजवता आठवीच्या वर्गात शिरलीस आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर तास मोडलास. मुख्याध्यापिका असलीस तरी दार वाजवायचं असतं. आमच्या कॉन्व्हेंटात मदर सुपीरियरसुद्धा वाजवत.

निवृत्त बाईला अमेरिकेचं यादवी युद्ध शिकवायला तूच बोलावलंस. मी फरशीवर खडूने रेघ मारली. खिडकीकडचे बाक उत्तर, म्हणजे कारखाने आणि रेल्वे. दाराकडचे दक्षिण, म्हणजे कापूस. मागचे पश्चिम, म्हणजे नवी जमीन, जी दोघांनाही हवी. पाच मिनिटांत अशी भांडाभांडी सुरू झाली, की काय सांगू! तेजस तर कापसाचा भाव सांगून उत्तरेला दम देत होता.

मग दक्षिणेत बसलेल्या गीताने विचारलं, "मिस, हा कापूस वेचतं कोण?" मी सांगितलं, गुलाम. विकत घेतलेली माणसं. "मग ती कुठे बसलीत?" मी म्हटलं, तुमच्याच बाजूला. पोरीने दप्तर उचललं आणि सरळ रेघ ओलांडून खिडकीशी जाऊन उभी राहिली! तेजस ओरडला, "आमचं माणूस आहे, परत द्या!" उत्तरेतला विकी दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा, "उसकू नक्को देओ, मिस!" रेणू, माझ्या अंगावर काटा आला. पळून आलेला माणूस परत करायचा की नाही, यावरूनच तर तो देश फाटत गेला. पुस्तकातलं ते पान मी अजून उघडलंही नव्हतं.

आणि तू आलीस. काय चाललंय हे न विचारता गीताचं मनगट धरलंस आणि तिला परत दक्षिणेत नेऊन बसवलंस. अगं, त्या काळी अमेरिकेत नेमका हाच कायदा होता! उत्तरेच्या लोकांनाही पळालेला गुलाम धरून द्यावा लागे. तो तू न वाचता अमलात आणलास. वर तिच्या डायरीत 'बेशिस्त' असा शेरा, आणि मला सूचना, की प्रदेशांची भांडणं वर्गात नकोत, पालक बोलतात, उत्तरं उतरवून द्या.

प्रदेशांची भांडणं नकोत? जामबागच्या जुन्या शाळेत माझी विद्यार्थिनी असताना तूच मला विचारलं होतंस, की एकाच निजामी संस्थानातलं आजोळ महाराष्ट्रात, आत्या कर्नाटकात आणि आपण आंध्रात, असं का? जेवणाची सुट्टी संपली तरी तू मला सोडलं नव्हतंस. मी तुला गप्प बसवलं होतं का?

माझा अपमान मी गिळला असता. माझी जीभ माझी काळजी घ्यायला समर्थ आहे. पण आज संध्याकाळी अंबरपेठहून गीताच्या आईचा, केसरबाईंचा फोन आला. पोर जेवली नाही. "आता मी वर्गात काही विचारणार नाही," एवढंच म्हणते. म्हणून हे पत्र. मोडलेला तास मला शुक्रवारी परत दे. तो शेरा खोड, आणि तास सुरू होण्याआधी साऱ्या वर्गासमोर गीताला सांग की तिचा प्रश्न बरोबर होता आणि तू चुकलीस. अर्धा तास शिकवून आपण मुलांना फक्त भांडायला शिकवलंय. कशासाठी, ते अजून सांगायचंय. उत्तर लेखी, तुझ्या हाताने, गुरुवारी दुपारी चारच्या आत. मोबाइलवर नुसता अंगठा पाठवलास तर तो मी उत्तर धरणार नाही.

अजूनही तुझीच,
तारामती मिस