तो चेहरा कुणाचा होता

हर्नडन,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सावनी,
सप्रेम नमस्कार. तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस, म्हणून ऑफिसातल्या प्रसादकडून तुझा नाशिकचा पत्ता घेऊन हे हाताने लिहितोय. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं तो म्हणाला. बरं वाटलं. इथे थंडी लवकर पडली यंदा.

आपला गेम बाजारात आला. त्यातला क्रूर सरदार तुला आठवत असेल. न्यूझीलंडच्या एका माओरी आदिवासी माणसाच्या जुन्या फोटोवरून घेतलेला, चेहराभर कोरलेल्या गोंदणाच्या वळणांचा. तू मला मेल केला होतास, "ही डिझाइन नाहीये यार. हा कुणाचा तरी खरा चेहरा आहे. विचारल्याशिवाय वापरू नकोस." मी तो वाचला होता. डेडलाइन होती. एकेक रेष मीच ट्रेस केली.

गेल्या महिन्यात न्यूझीलंडहून मेरेआना नावाच्या बाईंनी कंपनीला लिहिलं. नातवाच्या स्क्रीनवर त्यांना त्यांचे पणजोबा दिसले होते. व्हिडिओ कॉलवर त्या चिडल्या नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. त्यांच्या हनुवटीवरही तशाच निळसर रेषा होत्या.

"एका गालावर त्यांच्या वडिलांचं घराणं, दुसऱ्यावर आईचं," त्या म्हणाल्या. "हाडाच्या छिन्नीने कातडीत कोरलेलं. असा चेहरा दुसऱ्या कुणाचा नसतो. आणि डोकं आमच्यात सगळ्यात पवित्र. तुमच्या खेळात त्यांचं काय होतं?"

तुला माहीतच आहे. ते डोकं कापून कमरेला लटकवल्याशिवाय पुढची लेव्हल उघडत नाही.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वेळा?"

आकडा माझ्यासमोर होता. दोन लाख अकरा हजार. मी म्हणालो, माहीत नाही.

"पूर्वी परदेशी लोक आमची डोकी विकत घेऊन जायचे," त्या म्हणाल्या. "काही अजून घरी आलेली नाहीत." कॉल मीच बंद केला.

अंतराला सहावा महिना आहे. परवा सोनोग्राफीत डॉक्टरांनी बाळाचं डोकं दाखवलं. मला स्क्रीनकडे बघवलं नाही. तिला वाटलं, मला आनंदाने भरून आलं.

तू निघालीस त्या दिवशी मी फोन उचलला नाही. का, ते आता लिहितो. मार्चमध्ये गेमचा ट्रेलर बघून फोटोबद्दल पहिली तक्रार आली, तेव्हा आपल्या बॉस मोनाने विचारलं, "कुणाचं काम हे?" मी तुझं नाव सांगितलं. तुला सांगितला तसा तो लेऑफ नव्हता, सावनी. तुझा व्हिसा गेला, तुला साठ दिवसांत सामान आवरावं लागलं, ते माझ्या एका वाक्यामुळे.

आता तेच वाक्य मी सही करून द्यावं असं कंपनीच्या वकिलांचं म्हणणं आहे. मी सही केली नाही. तुझा तो मेल मेरेआनाबाईंना पाठवला, एक प्रत मोनाला. आज सकाळी माझ्या कार्डाने ऑफिसचं दार उघडलं नाही. उद्या अकराला बोलावलंय. अंतराला अजून सांगितलेलं नाही.

तुलाही कंपनीतून फोन येईल. गोड बोलतील. माझी दया येऊन काही झाकू नकोस.

गेम चालूच आहे. मी काल पाहिला तेव्हा आकडा तीन लाखांच्या पुढे गेला होता.

माफी मागायचा हक्क मला नाही, म्हणून मागत नाही.

तुझं नाव पुढे करणारा,
देवांग