गंधालीचा कुकर

मुलुंड, ४ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप रुक्मिणीताईस,
जयंतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तू वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, सत्तावीस जानेवारी. दोनदा पुढे ढकललंय, आता डॉक्टर ऐकत नाहीत. त्यांचं काय जातं? घरी आल्यावर मला उठवाबसवायला सकाळी नर्स येईल, पण दोन आठवडे स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. मग गंधालीकडे कोण बघणार?

तिला बोरिवलीला तुझ्याकडे पाठवू का? तेवीस वर्षांची झाली, तरी डाउन सिंड्रोम असलेली पोर. गॅसजवळ एकटी कशी सोडू? ती मात्र म्हणते, कार्यशाळेत श्रुतिकाबाईंनी वरणभात शिकवलाय, आईला मीच जेवायला घालणार. मी हसले, तर दिवसभर अबोला.

तुझी माया आहेच, सल्लाही पाठव.
जयंती

बोरिवली, ८ जानेवारी

चि. जयंतीस,
अनेक आशीर्वाद.

गंधाली कधीही येऊ दे. पण इथे ती पाहुणी होईल. आमचा ओजस तिला स्वतःचं ताटसुद्धा उचलू देत नाही. तू तरी काय वेगळं करतेस? दिवाळीत ती वेणी घालत होती, तर तू हातातून कंगवा काढून घेतलास. राग आला तर येऊ दे.

एका रविवारी ऑपरेशन झाल्यासारखी पलंगावर बस आणि तिला करू दे. करपलं तर करपलेलं खा.

तब्येतीला जप, हट्टाला नको.
तुझी ताई

मुलुंड, १३ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल तुझं ऐकलं आणि फजिती झाली. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, हे गंधालीला पाठ. तिने बंदही केला. झाकण उघडलं तर तांदूळ दाताखाली कचकच! मी चिडून म्हटलं, भर बॅग, चल बोरिवलीला. ती रडत एकच सांगत राहिली, मी तीन मोजल्या.

संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला. आमच्या खिडकीसमोर श्वेताची खिडकी, दोघींचे कुकर एकाच वेळी लागलेले. दोन शिट्ट्या तिच्या, एक आमची. मला आमची शिट्टी सवयीने ओळखू येते, पण ही ओळख पोरीला शिकवायची कशी? तिला उगाच रडवलं, याचं फार वाईट वाटतंय. ऑपरेशन उन्हाळ्यानंतरच बघू म्हणते.

रागावू नकोस, लोभ ठेव.
जयंती

बोरिवली, १७ जानेवारी

चि. जयंतीस, आशीर्वाद.

वेडी आहेस का? सहा वर्षं मला शिट्टी ऐकू येत नाही. मी काय कच्चा भात खाते?

मी ऐकत नाही, बघते. आपल्या कुकरची शिट्टी उचलून वाफ सुटली की काडेपेटीतली एक काडी ओट्यावर ठेवते. तीन काड्या झाल्या की गॅस बंद. गंधालीला हेच शिकव, आणि उभी राहा दाराबाहेर. तारखेला हात लावलास तर मी स्वतः येऊन तुला दवाखान्यात ढकलीन.

आशीर्वादासोबत एक धपाटाही.
ताई

मुलुंड, ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि. (वाकता येत नाही, मनातल्या मनात.)

इस्पितळात होते तेवढे दिवस तू पोरीला सांभाळलंस, ते विसरणार नाही. घरी येऊन नऊ दिवस झाले. रोज वरणभात, कधी अळणी, कधी खारट, पण शिजलेला. पहिल्याच दिवशी मी पलंगावरून ओरडले, तीन झाल्या, बंद कर. आतून उत्तर आलं, "दोनच काड्या आहेत. तू झोप."

एक गोष्ट फक्त तुला सांगते. परवा दुपारी घशाला कोरड पडली. तांब्या टेबलावर, हात पुरेना. गंधाली बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होती, तरी मी अर्धा तास तशीच पडून राहिले. तेवीस वर्षांत मी तिच्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं. कसं मागायचं, मला येईना. लाज वाटली, ताई. शेवटी हाक मारली.

ती आली, पाणी दिलं, पेला रिकामा होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "लवकर हाक मारायची ना. मी घरातच आहे."

तुम्हा दोघींचा लोभ मला पुरे आहे.
तुझी जयंती